कावेरीकाठचे मराठी राज्य

राज्याचा इतिहास राजांच्या वंशावळीत जितका असतो, तितकाच तो जमिनीच्या उतारात आणि पाण्याच्या वाटांत असतो. महाराष्ट्रातील मराठी सत्तेचा विचार करताना सह्याद्रीचे कडे, घाट आणि गड यांचा विसर कोणालाच पडत नाही. परंतु त्याच भोसले कुळाच्या दुसऱ्या शाखेने दक्षिणेत कावेरीच्या मुखाशी सुमारे एकशे ऐंशी वर्षे जे राजेपण सांभाळले, त्याकडे पाहताना मात्र भूगोलाचा धागा हातून सुटतो. तंजावरचे नाव निघाले की सरस्वती महाल, नाटके आणि संगीत यांचे स्मरण होते. ते राज्य कशामुळे संपन्न झाले, कशामुळे परतंत्र झाले आणि परतंत्र झाल्यावरही मागे काय ठेवून गेले, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. त्याचे उत्तर शोधावयाचे तर आधी नकाशा उलगडला पाहिजे.

कावेरी कोडगूमधील तलकावेरी येथे उगम पावते आणि सुमारे ८०० किलोमीटरांचा प्रवास करून बंगालच्या उपसागरास मिळते. तिरुचिरापल्लीजवळ श्रीरंगमच्या बेटापाशी तिचे दोन प्रवाह होतात. उत्तरेकडील प्रवाहास कोळ्ळिडम म्हणतात. दक्षिणेकडील प्रवाह कावेरी हेच नाव धारण करतो. बेटाच्या पूर्व टोकाशी हे दोन प्रवाह पुन्हा अगदी जवळ येतात. कोळ्ळिडमचे पात्र अधिक खोल व अधिक उताराचे असल्यामुळे कावेरीचे पाणी तिकडे ओढले जाण्याचा संभव असतो. ते पाणी तसे निसटले तर समुद्रास मिळून वाया जावयाचे. म्हणून याच जागी प्राचीन काळी दगडी बांध घालण्यात आला. कल्लणै या नावाने ओळखला जाणारा हा बांध परंपरेने करिकाल चोळाचा मानला जातो. त्याच्या खाली कावेरीस वेण्णार, कुडमुरुट्टी, अरसलार अशा अनेक शाखा फुटतात आणि त्यांच्यापासून निघालेल्या असंख्य पाटांनी तो सारा त्रिभुज प्रदेश भिजतो. तंजावरचे राज्य म्हणजे मुख्यतः ही भिजलेली जमीन होय.

या भूमीत भाताची पिके निघतात आणि दक्षिणेचे धान्याचे कोठार अशी तिची ख्याती आहे. परंतु या संपत्तीबरोबर काही उणिवाही निसर्गाने तिच्या पदरी घातल्या होत्या. येथे डोंगर नाही, अरण्य नाही, शत्रूस रोखून धरील अशी खिंड नाही. पश्चिमेची वाट तिरुचिरापल्लीवरून येते. ते शहर ज्याच्या हाती, त्याला तंजावरच्या तटापर्यंत येण्यास फारसा अडथळा नसे. पूर्वेस समुद्रकिनारा उघडा, आणि त्यावर बंदरांची रांग. सर्वांत मोठी गोष्ट ही की, ज्या बांधावर या राज्याचे पीक अवलंबून होते, तो बांध तंजावरच्या सीमेबाहेर, तिरुचिरापल्लीच्या मुलखात होता. धान्य तंजावरचे, परंतु पाण्याची किल्ली दुसऱ्याच्या कमरेला, अशी ही स्थिती होती.

या भूमीवर चोळांनी साम्राज्य उभारले. राजराज चोळाने १०१० च्या सुमारास पूर्ण केलेले बृहदीश्वराचे देवालय आजही शहरावर आपली छाया धरून आहे. पुढे विजयनगरच्या अमलाखाली सोळाव्या शतकात येथे नायकांची गादी स्थापन झाली. त्यांनीच आजच्या राजवाड्याची पहिली बांधकामे केली. १६७३ मध्ये मदुरेच्या चोक्कनाथ नायकाच्या सैन्याने तंजावर घेतले आणि अखेरचा नायक विजयराघव रणात पडला. त्या घराण्यातील एक मुलगा वाचला. त्याच्या कैवाऱ्यांनी विजापूरच्या दरबाराकडे दाद मागितली. त्या मुलास गादीवर बसविण्याचे काम विजापूरने ज्या सरदाराकडे सोपविले, तो म्हणजे शहाजीराजे आणि तुकाबाई यांचा पुत्र व्यंकोजी, ऊर्फ एकोजी. बंगळूरची जहागीर त्यांच्याकडे होती. त्यांनी मदुरेकरांना हुसकावून लावले, नायकाच्या मुलास गादीवर बसविले. परंतु लवकरच, १६७५-७६ च्या सुमारास, राज्य स्वतःच हाती घेतले. मराठी तंजावरचा आरंभ असा दुसऱ्याच्या साहाय्यास जाऊन राज्य घेण्याने झाला. शंभर वर्षांनी तंजावरच्या साहाय्यास आलेल्यांनी तंजावराशी नेमके हेच केले.

१६७७ मध्ये शिवाजी महाराज दक्षिण दिग्विजयास निघाले. जिंजी त्यांच्या हाती आली, वेलोरला वेढा पडला आणि जुलै महिन्यात कोळ्ळिडमच्या काठी दोघा भावांची भेट झाली. पित्याच्या दौलतीतील आपला वाटा महाराजांनी मागितला. बोलणी फिसकटली आणि व्यंकोजीराजे एका रात्री नदी ओलांडून तंजावरास निघून गेले. पुढे लढाईही झाली, आणि अखेर समेट झाला. या समेटात व्यंकोजीराजांच्या पत्नी दीपाबाई यांचा हात होता. महाराजांनी बंगळूर आणि आसपासचा मुलूख दीपाबाईंना चोळीबांगडीसाठी दिला आणि कावेरीकाठचे राज्य भावाकडेच राहू दिले. समेटानंतर उदास झालेल्या भावास, वैराग्य टाकून कार्यास लागावे, असा उपदेश करणारे महाराजांचे पत्र प्रसिद्धच आहे. कोळ्ळिडम ही तेव्हापासून दोन मराठी राज्यांमधील सीमा झाली. परंतु त्या दोन राज्यांच्या राजधान्यांमध्ये हजार किलोमीटरांच्या घरातील अंतर होते. अडचणीच्या प्रसंगी तंजावरास स्वदेशाकडून साहाय्य मिळणे हे त्यामुळे नेहमीच दैवाधीन राहिले.

व्यंकोजीराजांच्या मागे त्यांचे तीन पुत्र क्रमाने गादीवर आले : शहाजीराजे १६८४ ते १७१२, पहिले सरफोजीराजे १७१२ ते १७२८ आणि तुकोजीराजे १७२८ ते १७३६. ही बावन्न वर्षे म्हणजे या राज्याचा स्थिर काळ. मुलुखाचे पट्टुक्कोट्टै, मन्नारगुडी, कुंभकोणम्, मायावरम् आणि तिरुवाडी असे पाच सुभे होते. दप्तर मोडी लिपीत चाले, देवळांचे शिलालेख तमिळ असत, दरबारात नाटके तेलुगू व मराठीत होत आणि पंडित संस्कृतात लिहीत. शहाजीराजांनी १६९३ मध्ये तिरुविशनल्लूर हे गाव विद्वानांना अग्रहार म्हणून दिले. त्याचे शहाजीराजपुरम् झाले. त्यांच्या नावावर मराठी आणि तेलुगू नाटके आहेत. 'लक्ष्मीनारायणकल्याण' हे त्यांचे नाटक मराठी नाट्यवाङ्मयाच्या आरंभाची चर्चा करताना आवर्जून उल्लेखिले जाते. तुकोजीराजांनी 'संगीतसारामृत' हा संस्कृत ग्रंथ रचला. जिंकलेल्या लोकांची भाषा पुसून टाकण्याचा विचार या राजांच्या मनास शिवला नाही आणि आपली भाषा सोडण्याचाही शिवला नाही. चार भाषांच्या या सहवासातून तंजावरची संस्कृती घडली.

तथापि या स्थैर्यास बाहेरून वेढा पडतच होता. किनाऱ्यावरील बंदरे एकेक करून परकीयांकडे गेली. तरंगमपाडी येथे नायकांच्या अनुमतीने १६२० पासून डेन्मार्कचे लोक होते. नागपट्टणम् १६५८ मध्ये पोर्तुगिजांकडून डचांनी घेतले होते. कारैकल १७३९ मध्ये फ्रेंचांनी मिळविले. आणि कोळ्ळिडमच्या मुखाजवळील देवीकोट्टै १७४९ मध्ये इंग्रजांनी घेतले. एका लहानशा राज्याच्या किनाऱ्यावर युरोपातील चार राष्ट्रांची निशाणे फडकू लागली. यांपैकी शेवटची दोन ठाणी कशी गेली, हे पाहिले म्हणजे गृहकलहाची किंमत कळते. तुकोजीराजांच्या मृत्यूनंतर तीन वर्षे गादीचा गोंधळ माजला. एक तोतयाही राजा म्हणून मिरवून गेला. पदच्युत झालेल्या सयाजीराजांनी, म्हणजेच दुसऱ्या एका शहाजीने, आधी फ्रेंचांचे आणि पुढे इंग्रजांचे साहाय्य मागितले, आणि साहाय्याचे मोल म्हणून प्रत्येक वेळी किनाऱ्याचा एक तुकडा गेला.

१७३९ मध्ये गादीवर आलेले प्रतापसिंह हे या घराण्यातील मोठे धोरणी राजे होत. त्यांच्या पश्चिमेस अर्काटच्या नबाबाचा जावई चंदासाहेब तिरुचिरापल्ली बळकावून बसला होता. तंजावरास याच वेळी स्वदेशाचे साहाय्य लाभले. रघूजी भोसले आणि फत्तेसिंह भोसले साताऱ्याची फौज घेऊन दक्षिणेत उतरले. मे १७४० मध्ये दामलचेरीच्या खिंडीत नबाब दोस्तअली मारला गेला, मार्च १७४१ मध्ये तिरुचिरापल्ली पडली आणि चंदासाहेबास कैद करून महाराष्ट्रात नेण्यात आले. मुरारराव घोरपडे तिरुचिरापल्लीत राहिले. पाण्याची किल्ली मराठ्यांच्या हाती आली. परंतु ती दोनच वर्षे टिकली. १७४३ मध्ये निजामाने ते शहर घेतले. त्यानंतर तंजावरच्या पश्चिम सीमेवर अर्काटची नबाबी कायमची बसली.

पुढील वीस वर्षे इंग्रज आणि फ्रेंच यांच्या युद्धात प्रतापसिंहांनी वाट काढली. १७४९ च्या अखेरीस कैदेतून सुटून आलेल्या चंदासाहेबाने फ्रेंच पलटणींसह तंजावरास वेढा घातला, तेव्हा राजांनी खंडणीची बोलणी करीत वेळ काढला, रोखा लिहून दिला आणि वेढा उठवून घेतला. १७५२ मध्ये तंजावरचा सेनापती मानोजी याच्या हाती चंदासाहेब सापडला आणि त्याचा शिरच्छेद झाला. परंतु मनुष्य मेला तरी कागद मरत नाही. तो जुना रोखा फ्रेंचांकडे होता आणि १७५८ मध्ये लालीने त्यावरील ५६ लाख रुपये मागत तंजावरास पुन्हा वेढा दिला. दारूगोळ्याच्या टंचाईने आणि इंग्रज आरमाराच्या वार्तेने त्याला परतावे लागले. राजधानी वाचली, भोवतालच्या शेतीचे मात्र अतोनात नुकसान झाले.

फ्रेंच हरल्याने तंजावरचा धोका संपावयास हवा होता. प्रत्यक्षात तो वाढला. दोन बळी एकमेकांशी झुंजत होते, तोवर लहान राज्याला दोघांच्या मधून वाट होती. एकच उरला, तेव्हा ती वाट बंद झाली. तंजावर हे आपले खंडणीदार आहे, असा दावा अर्काटच्या महंमदअलीने केला आणि कंपनीच्या मध्यस्थीने १७६२ मध्ये तह झाला. मागील बाकीपोटी २२ लाख रुपये आणि पुढे दरसाल ४ लाख रुपये तंजावरने द्यावयाचे ठरले. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये इंग्लंड व फ्रान्स यांच्या तहात महंमदअली हाच कर्नाटकचा नबाब, असे कलम घालण्यात आले. सातासमुद्रांपलीकडील दोन राजांनी केलेल्या या ठरावात कावेरीकाठच्या कोणासही विचारले नव्हते. जगाच्या इतिहासात लहान देशांच्या वाट्यास हे वारंवार आलेले दिसते. मध्य अमेरिकेतील निकाराग्वा हा दोन महासागरांमधील चिंचोळ्या पट्टीवरचा देश. त्याच्या भूमीतून काढावयाच्या कालव्यासंबंधी १८५० मध्ये ब्रिटन आणि अमेरिका यांनी आपसात तह केला. ज्याची भूमी, तो निकाराग्वा त्या तहात पक्षकार नव्हता. जागा मोक्याची आणि बळ थोडे, अशी जोडी जेथे पडते, तेथे देशाचे दैव दुसऱ्यांच्या टेबलावर लिहिले जाते.

१७६३ मध्ये प्रतापसिंहांच्या मागून तुळजाजीराजे गादीवर आले आणि लगेच बांधाचा प्रश्न उभा राहिला. बांधाची डागडुजी करण्यास तंजावरची माणसे वर्षानुवर्षे जात असत. तो आपल्या मुलखात आहे, म्हणून दुरुस्ती करणे न करणे आपल्या इच्छेवर आहे, असे आता नबाब म्हणू लागला. नबाबाने तेवढी एक भिंत ढासळू दिली असती, तर एक तोफ न उडविता सारे राज्य उपाशी पडले असते. राजांची तक्रार मद्रासच्या कौन्सिलपुढे गेली. मालकी नबाबाची मानूनही, दुरुस्तीचा हक्क तंजावरास असावा, असा निर्वाळा इंग्रजांनी दिला. न्याय मिळाला; परंतु आपल्या पाण्यासाठी कंपनीच्या दाराशी जावे लागते, हेही त्याबरोबर ठरून गेले.

१७७१ मध्ये थकलेल्या खंडणीचे निमित्त करून नबाबासाठी कंपनीच्या फौजेने तंजावरास वेढा दिला. त्या वेळी तह झाला. १७७३ च्या सप्टेंबरात मात्र किल्ला पडला, तुळजाजीराजे कुटुंबासह कैद झाले आणि राज्य नबाबाच्या ताब्यात गेले. नबाबाच्या डोक्यावर मद्रासच्या इंग्रज सावकारांचे प्रचंड कर्ज होते. तंजावरचे पीक हे त्या कर्जाचे तारण झाले. विलायतेतील संचालकांना हे रुचले नाही. त्यांनी गव्हर्नर म्हणून लॉर्ड पिगट यास पाठविले आणि एप्रिल १७७६ मध्ये त्याने तुळजाजीराजांना पुन्हा गादीवर बसविले. तेव्हा पॉल बेनफील्ड नावाच्या कंपनीच्या नोकराने, तंजावरच्या उभ्या पिकावर आपला बोजा आहे, असा दावा मांडला. त्यावरून कौन्सिलात इतके वैर माजले की, त्याच वर्षाच्या ऑगस्टमध्ये सदस्यांनी प्रत्यक्ष गव्हर्नरलाच अटक केली. कैदेत असतानाच मे १७७७ मध्ये पिगट मरण पावला. कावेरीच्या भाताने मद्रासच्या गव्हर्नराचा बळी घेतला, असेच म्हणावे लागते. एडमंड बर्कने १७८५ मध्ये पार्लमेंटात अर्काटच्या कर्जांवर जे भाषण केले, त्यामागे तंजावरची ही कहाणीही होती.

१७८१ मध्ये हैदरअलीच्या फौजांनी हा प्रदेश तुडविला. तटाच्या आतील राजधानी तेवढी बचावली. गावे ओस पडली, पाट बुजले, गुरे गेली. ज्या राज्याजवळ जमिनीखेरीज दुसरे धन नव्हते, त्याची जमीनच उजाड झाली. सहा वर्षांनी तुळजाजीराजे वारले. मृत्यूपूर्वी त्यांनी दहा वर्षांच्या सरफोजीस दत्तक घेतले होते आणि श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्यास त्याच्या सांभाळाची विनंती केली होती. राजांचे सावत्र बंधू अमरसिंह यांनी दत्तकविधान अमान्य करून गादी घेतली. अकरा वर्षांच्या वादानंतर १७९८ मध्ये कंपनीने सरफोजीराजांना गादीवर बसविले. १७४९ चा धडा पुन्हा गिरविला गेला. या वेळी मोल म्हणून एखादे बंदर देऊन भागले नाही. २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने सारा मुलूख कंपनीकडे गेला. राजांकडे किल्ला, वार्षिक एक लक्ष होन आणि निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा एवढे राहिले.

आता कावेरीचे माथे आणि पायथा एकाच सत्तेच्या हाती आले. कोळ्ळिडमच्या तोंडाशी १८३६ मध्ये आर्थर कॉटन या इंजिनियराने वरचा बांध बांधावयास घेतला आणि कावेरीत पाणी राखण्याची सोय झाली. जो प्रश्न दोन दरबारांत अर्धे शतक शस्त्रासारखा वापरला गेला, तो राज्य संपल्यावर केवळ दगडचुन्याचा प्रश्न उरला.

राज्य गमावलेल्या सरफोजीराजांनी उरलेल्या किल्ल्यात काय केले, ही तंजावरच्या इतिहासातील सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट आहे. वैभवहीन राजांचा काळ मृगयेत आणि मेजवान्यांत जाणे त्या युगात नित्याचे होते. सरफोजीराजांनी वाड्यातील ग्रंथसंग्रह वाढवून त्याचे सरस्वती महाल हे विद्यापीठतुल्य ग्रंथालय केले. १८२० मध्ये निघालेल्या काशीयात्रेतही त्यांनी ग्रंथांचा संग्रह केला. धन्वंतरी महालात वैद्यांकडून औषधांची परीक्षा होई. राजांनी देवनागरी छापखाना काढला आणि एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात तेथे मराठी पुस्तक छापले गेले. 'देवेंद्र कुरवंजी' या त्यांच्या मराठी नाटकात भविष्य सांगत फिरणारी कुरवंजी रंगभूमीवर येते आणि पृथ्वीवरील खंडांचा व देशांचा भूगोल सांगते. ज्याच्या सत्तेला एका किल्ल्याची मर्यादा पडली होती, त्या राजाने आपल्या प्रजेला सगळ्या जगाचा नकाशा मराठी पदांतून ऐकविला. आपल्या राज्याचे दैव जगाच्या राजकारणात कसे गुंतले होते, याची जाणीव या कुतूहलामागे असेल, तर ते स्वाभाविकच म्हटले पाहिजे. नेपोलियनवर इंग्रजांनी मिळविलेल्या विजयाचे स्मारक म्हणून समुद्रकाठी बांधलेला मनोरा हीही त्याच जाणिवेची खूण. फक्त तिच्यात मांडलिकाचा नाइलाजही दिसतो.

त्यांनी आणखी एक गोष्ट केली. १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरविला. मुलूख कंपनीकडे जाऊन चारच वर्षे लोटली होती. सनदा फिरतात, दप्तरे जप्त होतात. चोळांच्या पाषाणावर लिहिलेले मात्र कोणास नेता येत नाही, हे त्या राजांनी ओळखले असावे.

१८३२ मध्ये सरफोजीराजे वारले. त्यांचे पुत्र शिवाजीराजे १८५५ मध्ये पुत्रावाचून निवर्तले आणि डलहौसीच्या राजवटीत संस्थान खालसा झाले. पुढील वर्षी कंपनीने राजवाड्याबरोबर खासगी मालमत्ताही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाईंनी दाद मागितली. मद्रासच्या न्यायालयात त्यांना यश आले. परंतु १८५९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, हे राज्यसत्तेचे कृत्य आहे, ते न्याय्य असो वा अन्याय्य, न्यायालयास त्यात हात घालता येत नाही, असा निकाल दिला. कायद्याचे विद्यार्थी तो निकाल अजून अभ्यासतात. १८६२ मध्ये सरकारने खासगी मालमत्ता राजघराण्यातील स्त्रियांकडे परत सोपविली, ती मात्र मेहेरबानी म्हणून.

राजवाड्याच्या परिसरात आज नायकांची आणि मराठ्यांची बांधकामे एकमेकांत मिसळून उभी आहेत. दरबारात फ्लॅक्समन या शिल्पकाराने घडविलेला सरफोजीराजांचा संगमरवरी पुतळा आहे. १९१८ मध्ये सर्वांसाठी खुल्या झालेल्या सरस्वती महालात संस्कृत, तमिळ, तेलुगू ग्रंथांबरोबर सुमारे तीन हजार मराठी हस्तलिखिते आणि मोडी कागदांची रुमाले आहेत. कीर्तनाची महाराष्ट्रीय रीत तमिळ हरिकथेत उतरली आणि तिच्याबरोबर साकी, दिंडी, ओवी, अभंग हेही कावेरीकाठी रुजले. कुंभकोणम् येथे १८२८ मध्ये जन्मलेले तंजावरी मराठी टी. माधवराव त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांचे दिवाण झाले.

कावेरीचे पाणी मात्र अद्यापि राजकारणातून सुटलेले नाही. १९३४ मध्ये मेट्टूरचे धरण झाले, १९९० मध्ये लवाद नेमला गेला, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वाटणी ठरविली. वरच्या काठाचा आणि खालच्या काठाचा तो जुना वाद आता तलवारीवाचून चालतो, एवढी प्रगती झाली आहे. तुळजाजीराजांच्या काळात त्या वादात काय अर्ज झाले, दुरुस्तीस किती माणसे गेली, कोणत्या सुभ्यात पाणी पोचले आणि कोणत्या सुभ्यात पोचले नाही, असल्या गोष्टी त्या काळची मोडी दप्तरेच सांगू शकतात. मोडी वाचणारे तमिळ प्रदेशात थोडे आहेत आणि महाराष्ट्रातही दिवसेंदिवस थोडे होत आहेत. तंजावरच्या राजांनी राज्य गेल्यावरही कागद जपला. तो वाचण्याचे काम मराठी भाषकांकडे आलेले आहे.